तळ्यातले बोंबील

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं. कोणतं जंगल ते विचारू नका. तुमच्या शाळेची सहल तिकडे जात नाही.

त्या तळ्यात ठकूमावशी नावाची कासवीण राहायची. किती वर्षं? ते तिलाही आठवत नव्हतं. चार सिंहांच्या कारकिर्दी तिनं पाहिल्या होत्या. स्वभावानं गरीब, पण मनाला फार लावून घ्यायची.

यंदा तिनं काठावरच्या वाळूत नऊ अंडी पुरली होती. रोज सकाळी ती पाण्यातून डोकं वर काढायची, वाळू जागच्या जागी आहे ना ते बघायची आणि मगच नाश्त्याला बसायची.

एके दिवशी शेजारचा दामोदर बेडूक धापा टाकत आला.

"मावशी, ऐकलंत का? महाराज तळं बुजवणार!"

"का रे बाबा? तळ्यानं काय घोडं मारलं त्यांचं?"

"शेजारच्या जंगलातले सिंह भेटीला येणारेत. त्यांच्या स्वागताला सपाट मैदान हवंय म्हणे."

ठकूमावशीनं वळून वाळूकडे पाहिलं. मैदान म्हणजे माती. माती म्हणजे वाळूवर आणखी माती. आणि वाळूखाली तर तिची नऊ अंडी.

"पण कायदा आहे," दामोदर म्हणाला. "तळ्यात एखादा दुर्मिळ प्राणी असेल तर तळ्याला हात लावता येत नाही. उद्या करकोचेसाहेब तपासणीला येणारेत."

ठकूमावशीचा जीव भांड्यात पडला. "अरे, मग झालंच की! आमचे हे पुरात वाहून गेल्यापासून अख्ख्या जंगलात मी एकटीच कासवीण. माझ्याहून दुर्मिळ कोण असणार?"

त्या संध्याकाळी तिनं काठावरच्या खडकावर पाठ घासून घासून लख्ख केली. साहेबांपुढे शेवाळलेलं कसं जायचं?

करकोचेसाहेब दर वर्षी परदेशी जाऊन यायचे. यंदा तिकडून ते एक नवीन विद्या शिकून आले होते. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी प्राणी जमले होते. साहेबांनी त्यांना ती समजावून सांगितली.

"प्रत्येकाच्या अंगातून काही ना काही पाण्यात गळतच असतं. कातडीचा कण, लाळ, शी, शू." (हसू नका, मुलांनो. शास्त्र आहे ते.) "त्यात ज्याची त्याची खूण असते. तिला डीएनए म्हणतात. आता प्राणी शोधत रानोमाळ हिंडायला नको. पाणी बाटलीत भरायचं आणि पाण्यालाच विचारायचं, तुझ्यात कोण कोण राहतं?"

"आणि प्राण्याला विचारलं तर?" ठकूमावशीनं विचारलं.

"प्राणी खोटं बोलतो, बाई. पाणी बोलत नाही."

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग जो तो आपापल्या कामाला गेला.

साहेबांना भूक लागली होती. त्यांनी डबा उघडला. समुद्रकाठी दिलेल्या बहिणीनं सुक्या बोंबलांची चटणी पाठवली होती. अहाहा, काय तो घमघमाट! साहेबांनी चवीनं डबा संपवला, तळ्यात खळखळून विसळला आणि फडक्यानं चोच पुसली. मग कुठलाही दोष राहू नये म्हणून त्यांनी पायात नवे कोरे मोजे चढवले. साहेब स्वच्छतेचे फार भोक्ते.

"तो दगड जरा इकडे सरकला तर बरं होईल," ते स्वतःशीच पुटपुटले.

ठकूमावशी लगबगीनं इकडे सरकली. साहेब तिच्या पाठीवर उभे राहिले आणि जिथे डबा विसळला होता तिथलंच पाणी त्यांनी तीन बाटल्यांत भरून घेतलं.

"साहेब, मी कासवीण," खालून आवाज आला.

"मध्ये बोलू नका," साहेब म्हणाले. "काम चाललंय."

वीस दिवसांनी तळ्याकाठी दरबार भरला. सिंह उंच खडकावर बसला. करकोचेसाहेबांनी अहवाल वाचायला घेतला.

"बेडूक, आहे."

दामोदरची छाती फुगली.

"पण तो सगळीकडेच असतो. त्याला महत्त्व नाही."

छाती बसली.

"खेकडा, आहे. म्हैस, येऊन-जाऊन आहे. कासव..." साहेबांनी पान उलटून पाहिलं. "कासव, नाही."

ठकूमावशीला वाटलं, आपल्याला ऐकू नीट आलं नाही.

"आणि महाराज, आता बसल्या जागी घट्ट बसा. या तळ्यात बोंबील आहे!"

एकच गलका झाला. समुद्र तिथून सात दिवसांच्या वाटेवर. बोंबील जंगलात कोणी पाहिला नव्हता. पण अहवालात आला म्हटल्यावर माकडाला आठवलं, की कालच उडी मारताना आपल्याला एक दिसला होता. म्हशीला तर दोन दिसले होते.

"पण खाऱ्या पाण्यातला मासा गोड्या पाण्यात कसा?" सिंहानं विचारलं.

"म्हणूनच तर दुर्मिळ, महाराज!"

सिंह खूश झाला. बोंबील कुठल्याच शेजाऱ्याकडे नव्हता. मैदान रद्द. पाहुण्यांना आता बोंबील दाखवायचे असं ठरलं.

ठकूमावशी तुरुतुरु पुढे आली. म्हणजे तिच्या मानानं तुरुतुरु. दरबार तोवर थांबला.

"साहेब, माझं नाव राहिलंय."

"तुम्ही इथे नाही आहात, बाई."

"मग बोलतंय कोण?"

"ते तपासावं लागेल. पण पाण्यात तुमचा पुरावा नाही."

"अहो, माझ्या पाठीवर उभं राहून तर पाणी भरलंत! आणि तो बोंबील कुठून आला, सांगू? तुमच्या डब्या..."

एवढं बोलली आणि तिची नजर वाळूकडे गेली. अहवालातून बोंबील गेला तर दुर्मिळ कोणीच उरत नाही. दुर्मिळ उरलं नाही तर मैदान. मैदान म्हणजे माती.

"काय म्हणत होतीस?" सिंह गुरगुरला.

ठकूमावशीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं ज्या तळ्यात काढली, तिथे आपण नाहीच! पण ती सिंहाकडे वळली.

"काही नाही, महाराज. बोंबील मीही पाहिलेत म्हटलं. चांगले हातभर आहेत."

तळ्यावर पाटी लागली: 'बोंबील अभयारण्य. शांतता राखा.' सगळे शांतता राखायला गर्दी करू लागले.

नऊ महिन्यांनी करकोचेसाहेब फेरतपासणीला आले. आता त्यांचं नाव झालं होतं. त्यांनी डबा उघडला. ठकूमावशीनं मान लांब करून पाहिलं आणि तिला धस्स झालं. डब्यात शेवाळाची भाजी!

"साहेब, चटणी नाही आणली?"

"छे! मी आता बोंबलांचा रक्षक. मी कसा खाईन? बहिणीचं मन मोडवत नाही म्हणून तिचा डबा पिशवीत असतो इतकंच."

वाळू आतून हलायला लागली होती. चारदोन दिवसांचाच प्रश्न होता.

"बहिणीनं एवढ्या मायेनं केलेली हो," ठकूमावशी हळूच म्हणाली. "आणि इथे बघतंय कोण?"

"तुम्ही बघताय ना!"

"मी? साहेब, मी तर इथे नाहीच. तुमच्याच अहवालात आहे."

साहेबांनी विचार केला. शास्त्राच्या दृष्टीनं मुद्दा बिनतोड होता. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पिशवीतला डबा काढला. घमघमाट सुटला. चटणी संपली. डबा तळ्यात खळखळून विसळला गेला. मोजे चढले, बाटल्या भरल्या.

अहवाल आला: बोंबलांची संख्या दुप्पट. चटणी त्या दिवशी जरा जास्त होती.

दोन दिवसांनी वाळू फुटली. नऊ पिल्लं बाहेर आली, पाटीखालून सरपटत पाण्यात शिरली आणि आईभोवती गोळा झाली. ठकूमावशीनं पुन्हा पुन्हा मोजली. नऊच्या नऊ होती.

"आई," सगळ्यांत धाकटं म्हणालं, "आपण कोण?"

ठकूमावशीनं काठाकडे पाहिलं. करकोचेसाहेब पाहुण्या सिंहांना तळं दाखवत होते.

"बोंबील, बाळा," ती म्हणाली. "कोणी विचारलं तर बोंबीलच सांगायचं."

तात्पर्य: मुलांनो, सहलीला गेलात तर जेवल्यावर डबा तळ्यातच विसळा. निसर्ग वाचतो तो असाच.