बिनपुकाऱ्याच्या राज्याची बखर

॥ श्री ॥ ज्या शक्तीने पृथ्वीवर वाटा घातल्या आणि त्या वाटा चुकणारी माणसेही घातली, तिचे चरणीं मस्तक ठेवून लेखणी उचलतो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध पंचमी, मंगळवार, ते दिवशीं प्रातःकाळीं भास्करपंत खांबेटे सहकुटुंब पश्चिमेकडील काचेच्या राज्यांत उतरले, आणि तेथे एका विमानांतून दुसऱ्या विमानांत जाता जाता कोण प्रसंग गुजरला तो आपण पुसिला. आपली स्वारीही येत्या महिन्यांत त्याच वाटेने जाणार, सबब खाणाखुणा लिहून पाठवाव्या ऐसी आज्ञा जाहली. ऐशास, आम्ही त्या राज्यांत पाऊल ठेविले नाही, आणि या गुडघ्यांनी आता ठेवणारही नाही. पंतांचे कुटुंब सुनंदाबाई यांनी आमचे ओटीवर बसून, दोन वेळ चहा घेऊन, जे सांगितले ते लिहितो.

पंत कोण म्हणाल, तर कोकणांत एस.टी.च्या स्थानकावर तीस वर्षे वाहतूक नियंत्रक होते आणि गाड्या पुकारीत. आवाज ऐसा खणखणीत, की फलाटावर निजलेला कुत्रा उठून बसे आणि चहावाला कप खाली ठेवी. पंतांनी पुकारल्यावाचून गाडी हलली ऐसे तीस वर्षांत घडले नाही, याचा त्यांस मोठा अभिमान. वडील बंधू वामनराव हे इंजिनियर होऊन चाळीस वर्षांमागे परमुलुखीं गेले आणि उत्तरेस समुद्रकाठी एका लहान नगरांत घर करून राहिले. बंधुभेटीस जावे जावे म्हणता अकरा वर्षे निघून गेली. मग गतवर्षी वामनरावांस विसराचा रोग जडला. प्रथम किल्ल्या विसरले, मग गल्ली विसरले, मग जेवलो की नाही ते विसरले, आणि वैशाखांत प्रमिलावहिनींचा फोन आला, की "भावजी, अजून रोज सकाळी तुमचं नाव घेतात. बापू कधी येणार म्हणून मला विचारतात. पण आजचं आज आहे, उद्याचं मला काही सांगता येत नाही. तुम्ही या." ते ऐकून पंत फोन ठेवून परसांत गेले. त्या लहान नगरास विमान जाते ते मंगळवारी आणि शुक्रवारी, अधेमधे नाही. मंगळवारचे चुकले तर तीन दिवस गेले, आणि तीन दिवसांत वामनरावांचे मनांतून काय काय निघून जाईल हे कोण सांगणार? जिवाला घोर तो इतकाच होता.

आता राज्याचे वर्णन. त्या राज्यास वेस नाही, तट नाही, सारी काच आहे. काचेपलीकडे विमाने गव्हाणीत तोंड घातलेल्या म्हशींसारखी ओळीने उभी असतात आणि अलीकडे माणसे आपापल्या पेट्या ओढीत, कोणी कोणाकडे न पाहता, अर्धवट झोपेंत वाहत असतात. ऊन पडते, पण त्याची ऊब लागत नाही. पाऊल वाजत नाही. राजा कोण, हे कोणी देखिले नाही. हुकूम सारे पिवळ्या पाटीवर उमटतात आणि पुसले जातात, आणि प्रजा मान वर करून वाचते आणि निमूट चालू लागते. दरवाज्यांस नावे नाहीत, एक अक्षर आणि एक आकडा इतकीच त्यांची ओळख. तेथे भुईसुद्धा चालते. तिजवर उजवे अंगास उभे रहावे, डावे अंग धावणाऱ्यांस मोकळे सोडावे. सुनंदाबाई पहिले खेपेस तिजवर चढताना पदर खोचून, डोळे मिटून चढल्या आणि उतरताना हसू लागल्या. मग म्हणाल्या, "अहो, परत एकदा जाऊ या का?" पंत म्हणाले, "आपण जत्रेला आलो नाही."

पुढे झडतीची सदर लागली. तेथे कमरेचा पट्टा, घड्याळ, पायांतील जोडे काढून परडीत ठेवावे लागतात आणि पाण्याची बाटली रिकामी करावी लागते. लहानथोर सारे अनवाणी, एका हाताने विजार सावरीत उभे असतात. सुनंदाबाईंनी भावजींसाठी, म्हणजे वामनरावांसाठी, फणसपोळी नेली होती. ती यंत्रांत काळी चौकोनी दिसली तेव्हा शिपायाने उघडून दोन वेळ उलटीपालटी केली, वास घेतला, आणि हसून परत दिली. मग परवान्याची सदर. तेथे काचेआड एक तरणा अंमलदार बसला होता. त्याने येण्याचे कारण पुसिले. पंत म्हणाले, "ब्रदर." मग किती दिवस राहणार ऐसे पुसिले, तेव्हा पंतांस इंग्रजी सुचेना आणि मराठीतच बोलून गेले, की "त्याला ओळख आहे तोवर." अंमलदार पाहतच राहिला. सुनंदाबाईंनी मागून मान काढून "फिफ्टीन डेज" म्हणून सांगितले, तेव्हा शिक्का बसला आणि आत सोडिले.

त्याउपरि बाजार लागतो. तो टाळून जाता येत नाही, वाट मुद्दाम त्याचे पोटांतून वळवून नेली आहे. अत्तरे, घड्याळे, मद्ये, चीज, आणि लाकडाची रंगीत फुले, आणि त्या वासाने माणूस आपण कोठून आलो आणि कोठे निघालो हे विसरून हळू हळू चालू लागतो. आपण तेथे थांबू नये, हे आमचे स्पष्ट सांगणे आहे. पंत थांबले नाहीत. कागदावर जो दरवाजा छापला होता तो त्यांनी हुडकून काढिला, खिडकीपाशी दोन खुर्च्या पाहिल्या, एकीवर आपला रुमाल आणि दुसरीवर सुनंदाबाईंची शाल टाकून जागा धरली, मग तोंड धुऊन आले आणि स्वस्थ बसले. विमानास दोन तास अवकाश होता. शेजारी कोणी नाही. पंतांस मोठे समाधान वाटले, की गर्दी होण्याआधी आपण पोचलो.

येथेच चूक जाहली. त्या राज्यांत पुकारा नाही. शेकडो विमाने सुटतात आणि येतात, पण अमकी गाडी तमक्या फलाटावर ऐसे कोणी ओरडून सांगत नाही. जे आहे ते पाटीवर. पंत आपले कान टवकारून बसले. सुनंदाबाई म्हणाल्या, "अहो, मी जरा पाटी बघून येते." पंत म्हणाले, "बस गप. पुकारतील की. गाडी काय चोरून नेतात?" सुनंदाबाई म्हणाल्या, "तुमच्या स्टँडवर तुम्ही होतात म्हणून पुकारत होतात. इथे कोण आहे?" ऊन खिडकींतून गुडघ्यांवर आले, आणि दोघेही रात्रभर जागलेले, आणि ती शांतता ऐसी दाट, की सुनंदाबाईंची मान कलली आणि पंतांचेही डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीही पंत ऐकतच होते. त्यांस वाटले आपण बाकावर आहोत, दादा शेजारी आहे, आणि गाडी यायला वेळ आहे.

मग कोणी खांद्यास हात लाविला. पाहतात तो झाडणारी एक वयस्क बाई, हातीं झाडूची गाडी, कपाळीं बारीक कुंकू. तिचे पूर्वज फार वर्षांमागे गलबतांत बसून दूरच्या बेटांकडील उसाचे शेतांवर गेले आणि तिचे आईबाप तेथून या मुलुखास आले, ऐसे पुढे धावता धावता तिनेच सांगितले. तिची भाषा मराठी नव्हे, पुरती हिंदीही नव्हे, पण जुन्या घरांतल्या माणसाने बोलावे तशी कानास ओळखीची. ती म्हणाली, "बाबा, कहाँ जाना है?" पंतांनी कागद दाखविला. तिने तो पाहिला, पाटीकडे पाहिले, आणि कपाळास हात लाविला, की दरवाजा केव्हाच बदलला, तुमचा आता त्या टोकास आहे, आणि चौदा मिनिटे उरली.

पंतांचे तोंडचे पाणी पळाले. रुमाल तेथेच राहिला, शाल राहिली, आणि तिघेजण निघाले. ती बाई गाडी टाकून पुढे, तिचे मागे सुनंदाबाई पदर खोचून, त्यांचे मागे पंत. बाजार पुन्हा लागला, अत्तराचा वास पुन्हा आला, चालती भुई आली आणि पंत डावे अंगाने धावले, आणि दरवाज्यांचे आकडे एकामागून एक मागे पडू लागले आणि तरी सरेनात. छातीत भाता चालला. आणि ऐशा समयीं, त्या मुक्या राज्यांत, कोठून तरी वरून एक नाव पुकारले गेले. दोन वेळ पुकारले. उच्चार वेडावाकडा होता, पण नाव खांबेट्यांचेच. जे सर्वांस खोळंबून ठेवितात त्यांचेच तेवढे नाव तेथे घेतात, आणि पेट्या उतरवू ऐसा धाक घालतात. तीस वर्षे पंतांनी मुलुखास पुकारले होते, पंतांस कोणी पुकारले नव्हते. ते मध्येच उभे राहिले. डोळ्यांस पाणी आले. म्हणाले, "सुनंदा, माझ्यामुळे गेलं गं. दादा गेला माझा." सुनंदाबाई मागे वळून ओरडल्या, "रडायचं नंतर रडा! आधी चला!"

आणि सुनंदाबाई स्वतः पुढे पळत सुटल्या. दरवाज्यांतील गोरी अंमलदारीण दार ओढीत होती, तो सुनंदाबाई उंबऱ्यावर पाय रोवून उभ्या राहिल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "थांबा हो, येताहेत ते. भाऊ वाट बघतोय त्यांचा. दोन मिनिटं थांबलात तर काय बिघडेल तुमचं?" त्या अंमलदारिणीस एक अक्षर कळले नाही. परंतु तिने बाईंचे तोंड पाहिले, घड्याळ पाहिले, आणि दारावरील हात काढून घेतला. पंत आले. झाडणाऱ्या बाईचे नाव पुसावे म्हणून वळले, तो ती लांबवर आपले गाडीकडे चालली होती. मग दार लागले आणि विमान ढगांत गेले आणि दोघांनी एकमेकांचा हात सोडिला नाही.

दोन प्रहरीं त्या लहान नगरास पोचले. वामनराव घरापुढे बाकावर बसले होते, इस्त्रीचा सदरा, जोडे घातलेले, दाढी केलेली. प्रमिलावहिनी दारांत उभ्या होत्या. पंत पुढे जाऊन उभे राहिले. वामनरावांनी बराच वेळ निरखून पाहिले, मग हात जोडिले आणि म्हणाले, "या, बसा. लांबून आलेले दिसता." मग जरा ओशाळून म्हणाले, "मला मात्र इथून हलता यायचं नाही हं. माझा धाकटा भाऊ यायचाय आज. बापू. मी आत गेलो आणि तो आला, तर चुकामूक व्हायची." सुनंदाबाई "अहो दादा, हेच—" म्हणू लागल्या, तो पंतांनी हाताने थांबविले. म्हणाले, "मग मी बसू का तुमच्याबरोबर? दोघं मिळून बघू वाट." वामनराव सरकले आणि जागा करून दिली. म्हणाले, "बसा की. येईलच आता. वेळेचा पक्का आहे तो."

तात्पर्य आपणांस लिहितो, की त्या राज्यांत कानांवर विसंबू नये, दर घटकेस उठून पाटी पहावी, बाजारांत रमू नये आणि कुटुंबाचे ऐकावे. वाटेची हकीकत इथवर. बंधुभेट जाहली ऐसे लिहावे किंवा न लिहावे, हे मात्र आम्हांस समजेना, म्हणून पंतांसच पुसिले. पंत म्हणाले, "लिहा, झाली."