खुल्या राईचं कुंपण

एका जंगलात, मुलांनो, सगळा कारभार खुला होता. म्हणजे तसा बोर्डच लावला होता.

या जंगलाचा दरबार मोहाच्या झाडाखाली भरायचा. न्यायाधीश होते गवेसाहेब. अंगानं धिप्पाड, बोलायला सावकाश. त्यांनी निवाडा दिला की सुतारपक्षी तो एखाद्या झाडाच्या खोडावर चोचीनं कोरायचा. त्याखाली दरबारचा सरडा आपल्या शेपटीचा शिक्का उमटवायचा. झालं काम. ज्याला वाचायचा असेल त्यानं जाता-येता वाचावा. अशी कोरलेली झाडं वाढत वाढत त्यांची एक राईच झाली. तिला सगळे निवाड्यांची राई म्हणायचे.

मग एकदा काय झालं, एका रानडुकराची पाठ खाजली. आता पाठ खाजली तर कुणी झाड निवडत बसतं का? त्यानं घासली ती नेमकी एका निवाड्यावर. 'या पोळ्यावर अस्वलाचा हक्क नाही' असं तिथं कोरलेलं होतं. त्यातला 'नाही' घासून गेला. अस्वलानं उरलेलं वाचलं आणि मध खाऊन टाकला. मधमाश्या बिचाऱ्या देशोधडीला लागल्या.

दरबार हादरला. निवाडे जपले पाहिजेत यावर सगळ्यांचं एकमत झालं. राईभोवती निवडुंगाचं दाट कुंपण घातलं. कुंपणाला एक फाटक केलं, फाटकाशी एक कचेरी आणि कचेरीत सरडेभाऊसाहेब. प्रत्येक झाडाला एक नंबर दिला. लोकांचा गैरसमज नको म्हणून फाटकावर बोर्ड लावला: 'निवाडे सर्वांसाठी खुले आहेत. कारण सांगण्याची गरज नाही.'

बोर्ड लागल्यापासून कचेरीविरुद्ध एकही तक्रार आली नाही. कारण कचेरीत एकही अर्ज आला नव्हता. सरडेभाऊसाहेब हे येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे. मन लावून काम करणारे होते हो ते. फक्त काम आलं नव्हतं.

याच जंगलात तानूबाई नावाची खवल्या मांजरीण राहत होती. खवल्या मांजर तुम्ही पाहिलं नसेल. नावात मांजर आहे, पण मांजराशी त्याची सोयरीक नाही. अंगभर खवले, हातभर जीभ, खायला मुंग्या नाहीतर वाळवी. आणि कुणी जरा आवाज चढवला की अंगाचा चेंडू. शेपूट तोंडावर घेऊन जे गुंडाळून बसायचं ते समोरचा निघून जाईपर्यंत. अशा प्राण्यानं कचेरीत कसं जावं, तुम्हीच सांगा.

पण वेळ आली तिच्यावर. तानूबाई पोटुशी होती. ओढ्याच्या चढावर तिचं बीळ होतं, आत कोरडं, तोंडाशी करवंदीची जाळी. तिची आई त्याच बिळात जन्मली, ती स्वतःही तिथेच. बाळही तिथेच व्हावं एवढीच तिची इच्छा होती. आणि एका सकाळी तरसराव दारात उभे. त्यांनी आत डोकावून पाहिलं, खो खो हसले आणि म्हणाले की हे बीळ त्यांच्या आजोबांचं आहे, बाईंनी आवराआवर करावी.

आता ही गोष्ट खरी नव्हती. तरसरावांच्या आजोबांनी हाच दावा पूर्वी लावला होता, आणि तानूबाईच्या आजीनं तो जिंकला होता. जिंकल्यावर सालीवर कोरलेली एक प्रतही घरी मिळाली होती. पण त्या सालीला वाळवी लागली. आणि खवल्यांच्या घरात वाळवी लागलेली वस्तू किती टिकणार? तानूबाईच्या आजोबांना एकदा भूक लागली, त्यांनी साल फोडली आणि निवाड्यासकट सगळं चाटूनपुसून संपवलं. आजी पुढे जन्मभर त्यांना बोलत होती म्हणे.

भांडण दरबारात गेलं. तरसरावांनी आवाज चढवला, तानूबाईचा चेंडू झाला. ती परत उलगडेपर्यंत गवेसाहेब रवंथ करत थांबले. मग तिनं चाचरत आजीच्या निवाड्याबद्दल सांगितलं.

"आठवतं मला," गवेसाहेब म्हणाले. "मीच दिला होता तो. बीळ खवल्यांचं."

तानूबाईच्या जिवात जीव आला. "मग झालं की, साहेब."

"कसं होईल? माझ्या आठवणीवर शिक्का आहे का? राईतून शिक्क्याची नक्कल आणा. जांभळं पिकेपर्यंत मुदत देतो. नाही आणलीत तर बीळ तरसरावांचं."

जांभळीला तेव्हा मोहोर होता. तानूबाईला वाटलं, पुष्कळ वेळ आहे.

ती राईच्या फाटकाशी गेली. सरडेभाऊसाहेब कचेरीच्या दगडावर ऊन खात बसले होते. तिनं सगळी हकिकत सांगितली. भाऊसाहेब मान हलवत होते. नक्कल मिळेल ना, विचारलं, त्यांनी मान हलवली. लवकर मिळेल ना, विचारलं, त्यांनी आणखी जोरात हलवली. तानूबाई आनंदानं घरी आली. पोटातल्या बाळालाही तिनं सांगून टाकलं की काळजी करू नकोस, भाऊसाहेब हो म्हणालेत.

भोळी हो बिचारी. अरे, सरडा मान हलवतो तो होकार म्हणून थोडाच? त्याला ती सवयच असते. लग्नात हलवतो, मयतीलाही हलवतो.

वाट पाहून ती परत गेली, तेव्हा कळलं की अर्जच झालेला नाही. अर्ज करायचा पळसाच्या पानावर. पळसाला पानं तीनच, म्हणून अर्जही तीन प्रतींत. तिनं तो केला. भाऊसाहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि निवाडा कशाला हवा ते विचारलं. तिनं भीत भीत बोर्डाकडे बोट दाखवलं. बरोबर आहे, कारण सांगायची गरज नाही, भाऊसाहेब म्हणाले. पण कारण का सांगत नाही, ते मात्र लिहून द्यावं लागेल.

तिनं तेही लिहून दिलं.

मग भाऊसाहेबांनी झाडाचा नंबर विचारला. तो तर तिला माहीत नव्हता. नंबर झाडावरच कोरलेला होता, झाड आत होतं, आणि आत जायला नंबर लागत होता. तिनं विचारलं, कुठल्या झाडावर काय आहे याची यादी असेलच ना? आहे तर, भाऊसाहेब मान हलवत म्हणाले, उत्तम यादी आहे, यादीच्या झाडावर कोरलेली आहे. आणि ते झाड कुठे आहे? ते आत आहे. त्याचा नंबर? तो यादीत आहे.

मग भाऊसाहेब, तुम्हीच जरा आत जाऊन बघता का, असं तानूबाईनं हात जोडून विचारलं. भाऊसाहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांचा अधिकार कुंपणापर्यंतच होता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत हे आपण उगीच म्हणत नाही, मुलांनो. तसा नियमच आहे. आत जायचा तो एकटा सुतारपक्षी, आणि तो नवीन निवाडे कोरण्यात इतका बुडालेला की जुने शोधायला त्याला सवड नव्हती.

तानूबाई रोज फाटकाशी येऊन बसू लागली. कधी भाऊसाहेबांचा आवाज जरा चढला की तिचा चेंडू व्हायचा. मग भाऊसाहेब अर्जावर 'अर्जदार गैरहजर' असा शेरा मारायचे. चेंडू त्यांच्या पायाशीच पडलेला असायचा. आतून तिला सगळं ऐकू यायचं आणि तिला स्वतःचाच राग यायचा. पोटात बाळ लाथा मारत होतं. जांभळीला हिरवी फळं धरली होती, आणि एक दिवस तिला त्यातली काही जांभळट दिसली. त्या दिवशी तानूबाई रडली.

रडून रडून तिला भूक लागली. भूक लागली तेव्हा नाकाला वास आला. कुंपणाच्या आतून येत होता, ओला, मातकट, तोंडाला पाणी सुटावं असा. राईला वाळवी लागली होती. तिनं लगेच भाऊसाहेबांना सांगितलं की आत निवाडे खाल्ले जातायत. भाऊसाहेबांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. वाळवीची तक्रार घेतो म्हणाले. कुठल्या झाडाला लागलीय, तेवढा नंबर सांगा.

यापुढे जे घडलं ते तानूबाईनं ठरवून केलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. उन्हं चढली होती. तिनं सावलीसाठी कुंपणाच्या बुडाशी थोडं उकरलं. उकरताना जिभेला वाळवीची एक रांग लागली. जीभ रांगेमागे गेली, जिभेमागे नाक गेलं, नाकामागे नखं. दोन जिवांची बाई, पोटभर मिळतंय म्हटल्यावर थांबते कशाला. ती खात खात पुढे सरकली आणि डोकं वर काढलं तेव्हा राईच्या आत होती.

समोर एक झाड होतं. त्याचं खोड वाळवीच्या मातीनं वरपासून खालपर्यंत लिंपलेलं होतं. तानूबाईनं माती फोडली आणि चाटायला लागली. चाटता चाटता मातीखालून अक्षरं वर आली. 'ओढ्यावरील बीळ खवल्यांचे. त्यावर तरसाचा काडीमात्र हक्क नाही.'

आजीचा निवाडा. तानूबाईनं तो पुन्हा पुन्हा वाचला. ती फाटकाकडे तोंड करून ओरडली, आणि आयुष्यात ती पहिल्यांदाच ओरडत होती, की भाऊसाहेब, सापडला, हा बघा नंबरही सापडला.

भाऊसाहेबांची मान हलायची थांबली. तशी ती कधीच थांबली नव्हती.

"तुम्ही आत कशा?" त्यांनी विचारलं.

तिला दरबारात उभं केलं. सुतारपक्ष्याला बोलावून झाड तपासलं. निवाडा शब्दन् शब्द शाबूत होता. पण शेवटची वाळवी काढताना तानूबाईची नखं खालपर्यंत गेली होती, आणि शिक्क्यावर ओरखडे उठले होते. अगदी आजोबांवर गेली होती ती. भूक लागली की पुढचं दिसायचं नाही.

"साहेब, मी नसते तर सगळंच वाळवीनं खाल्लं असतं," तानूबाई म्हणाली.

"वाळवीनं खाल्लं असतं तर ती नैसर्गिक झीज," गवेसाहेब सावकाश म्हणाले. "तुम्ही केलात तो दप्तरात हस्तक्षेप. शिक्का नाही, तर नक्कल नाही."

मोहाखाली एक पिकलेलं जांभूळ येऊन पडलं होतं. कुणी आणून टाकलं ते कळलं नाही, पण तरसराव हसत होते. बीळ त्यांना मिळालं. निवाडा ताबडतोब एका नव्या झाडावर कोरायला सांगितला गेला.

आता तानूबाई जाणार कुठे? पाऊस तोंडावर, पोट नऊ महिन्यांचं असावं तसं, आणि डोक्यावर छप्पर नाही. शिवाय हस्तक्षेपाची शिक्षा व्हायचीच होती. गवेसाहेबांनी कैद सुनावली, शिक्क्यावरचे ओरखडे भरून येईपर्यंत.

आता पंचाईत अशी, की त्या जंगलात तुरुंग नव्हता. कुंपण असलेली जागा अख्ख्या जंगलात एकच होती. मग तानूबाईला निवाड्यांच्या राईतच कोंडायचं ठरलं.

ते ऐकलं आणि तिचा चेंडू झाला. सगळ्यांना वाटलं, बाई घाबरली. गवेसाहेबांनाही जरा कसंसंच झालं. पण ती गुंडाळली होती ती हसू दिसू नये म्हणून. सभोवार निवडुंग, आत रग्गड वाळवी, आणि नंबर सांगितल्याशिवाय वाघालाही प्रवेश नाही. कुठल्या बाळंतिणीला मिळतं असं माहेर?

तिनं आजीच्या झाडाखालीच बीळ खणलं. बाळ तिथेच झालं. गुलाबीसर, मऊ खवल्यांचं, आईच्या शेपटीवर बसून राईभर फिरणारं. तानूबाई वाळवी खात गेली तशी एकेक झाड उघडं पडत गेलं. सगळे निवाडे लख्ख झाले. वाचायला मात्र कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी जांभळीला मोहोर आला तेव्हा फाटकाशी तरसराव उभे दिसले. आवाज बसलेला, तोंड उतरलेलं. ओढ्यावरचं बीळ आपल्या आजोबांचं आहे म्हणून रानडुकरानं दावा लावला होता. होय, तेच ते, पाठ खाजलेलं. गवेसाहेब म्हणाले होते, आठवतं मला, मीच दिला होता निवाडा, पण माझ्या आठवणीवर शिक्का आहे का?

सरडेभाऊसाहेबांनी झाडाचा नंबर विचारला. तरसरावांनी कुंपणातून आत पाहिलं. तानूबाई बाळाला शेपटीवर घेऊन एका झाडाखाली बसली होती. त्यांचाच निवाडा होता त्या झाडावर, आणि त्याच्या वर ठळक नंबर. फक्त निवडुंगाआडून तो वाचता येत नव्हता.

"तानूबाई," ते म्हणाले, "तेवढा नंबर वाचून सांगा की. शेजारधर्म म्हणून."

तानूबाईच्या पाठीचे खवले सवयीनं उभे राहिले. शेपूट तोंडाकडे वळायला लागली. मग शेपटीवरचं बाळ हिंदकळलं, आणि तिनं शेपूट सरळ केली.

"अर्ज करा, तरसराव," ती शांतपणे म्हणाली. "सगळं खुलंच आहे."

तरसरावांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. नक्कल मिळेल ना, विचारलं. भाऊसाहेब मान हलवत होते. तरसराव आनंदानं घरी गेले.

तात्पर्य: एखादी वस्तू कुणाच्याही हाती लागू नये असं वाटत असेल, तर ती लपवू नका. लपवलेलं लोक शोधून काढतात. तिच्यावर 'सर्वांसाठी खुले' असा बोर्ड लावा. आणि जागा मिळाली तर तुम्हीही तिथेच राहायला जा.