अकरा ठोकळे आणि बावीस डोळे

मुलाच्या बुद्धीचा पाया पहिल्या वर्षातच घातला जातो! आणि आमच्या घरात पाया घालायचं काम माझ्याकडे असतं. मागच्या मोरीचा पाया मीच घातला होता. ती खचली, ते सोडा.

आमची नात किमया दहा महिन्यांची झाली तरी रांगेना. बसायची मात्र अशी, की आमच्या हमरापूरच्या कारखान्यातल्या गणपतींनी तिच्याकडून बैठक शिकावी! तिकडे रोह्याला आमच्या सुनेचा, भूमिकाचा, भाचा. किमयाहून तीन आठवड्यांनी लहान, आणि घरभर रांगतोय. त्याचे व्हिडिओ व्याही भरतराव रोज सकाळी न चुकता पाठवत. ते बघितले की भूमिकाचा चहा तसाच राही.

"बाबा, आपल्या बाळात काही कमी तर नाही ना?" एकदा तिने हळूच विचारलं.

मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. "बाळ ठीक आहे, खेळणी चुकतायत!" मी जाहीर केलं. "रविवारी भरतराव येतायत ना? त्यांच्यासमोर रांगवून दाखवतो!"

तीन दिवस अभ्यास केला. प्लास्टिक बाद, दिवे बाद, इंग्रजी गाणी म्हणणारी गाय बाद. शेवटी अकरा लाकडी ठोकळे मागवले. गोल, चौकोन, त्रिकोण. अंगाला रंगाचा थेंब नाही, कारण बाळ ते चघळणार! पार्सल शनिवारी आलं. मी ठोकळे स्वच्छ धुतले आणि वाळायला कारखान्यातल्या फळीवर ठेवले.

इथे माझं बी.ए. संपलं.

गणपतीच्या आधीचे दोन महिने आमच्याकडे एकच कायदा : फळीवर कोरं दिसलं, की रंगवायचं. आमचा रंगारी नाथा या कायद्याचा इतका पक्का, की डोलवीच्या स्टील कंपनीत रात्रपाळी करून आलेला माझा मुलगा धनेश गेल्या वर्षी त्या फळीवर आडवा झाला, तर उठला तेव्हा पायात सोनेरी तोडे होते!

रविवारी सकाळी बघतो तर ठोकळे अंगाने गुलाबी, कडेने सोनेरी आणि प्रत्येकाला दोन-दोन डोळे! डोळ्यांच्या आखणीत नाथाचा हात धरणारा पेण तालुक्यात नाही. चौकोन तर असा रोखून बघत होता, की त्याला माझे बी.ए.चे मार्क माहीत असावेत.

"नाथा! काय केलंस हे?"

"नवीन डिझाईन हाय ना, दादा? सोंड कुठं लावायची तेवढं सांगा."

"अरे, बाळाने तोंडात घालायचे होते ते!"

"आता नाय घालायचे," नाथा गंभीर झाला. "डोळे उघडलेत त्यांचे."

मी घाईने वर फडकं टाकलं, तोच दारात भरतराव! मागून किमयाला घेऊन भूमिका.

"बघू तरी तुमची शास्त्रशुद्ध खेळणी!" म्हणत त्यांनी फडकं उचललं. बावीस डोळे त्यांच्यावर रोखले गेले. भरतरावांनी जागच्या जागी चपला काढल्या आणि हात जोडले.

"फार जागृत दिसतायत हो. कुठले देव?"

"त्रिकोण," मी म्हणालो.

भूमिकाचे डोळे भरून आले. "बाबा, आता कशाने रांगणार ती?"

तिने किमयाला चटईवर ठेवलं. मी टाळ्या वाजवल्या, भुंकलो, शेवटी स्वतः चार पायांवर उतरलो आणि फळीभोवती एक फेरी मारली.

"तुम्ही छान रांगता," भरतराव म्हणाले.

आणि किमया पुढे झुकली. हात टेकले. ढुंगण उचललं. निघाली!

"गेली! बाबा, गेली! व्हिडिओ काढा!" भूमिका रडतच ओरडली. "रोह्याला माझ्या दादाला पाठवते आत्ताच्या आत्ता!"

किमया मला ओलांडून गेली, ठोकळ्यांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. थेट भरतरावांची उजवी चप्पल गाठली आणि अंगठ्याच्या बाजूने तोंडात घातली.

"आमचा अजून चपलेपर्यंत पोचलेला नाही," भरतरावांनी मान्य केलं.

चपलेला रंग नव्हता.