शांतवनभाऊंची कुसळं

आमच्या वाडीवर पाहुणा आला की घरातलं माणूस पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत शांतवनभाऊ त्याच्या पायाशी बसलेले असतात. सत्तरीचा माणूस, पांढऱ्या झुबकेदार मिशा, आणि कालच्या पोराच्या पायाशी उकिडवा. पोरगं कानकोंडं होतं, "अहो बाबा, काय करताय," म्हणतं. भाऊ मान वर न करता सांगतात, "हलू नगं. डाव्या मोज्यात अजून लई हायेत."

हायेत म्हणजे कुसळं. तिसगावच्या रस्त्याला एसटीतून उतरून माळाच्या आडवाटेनं आलं की गवताचं हे टोकदार बी कपड्यात घुसतं. बाकीचे लोक ते शिव्या देत झटकतात. भाऊ एकेक उपसून तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवतात.

मागे चर्चचे नवे पाळक आले. भाऊ खाली बसले आणि त्यांच्या पँटची मोहरी धरली. येशूनं शिष्यांचे पाय धुतले होते ते पाळकसाहेबांना आठवलं असणार. डोळे मिटून, भाऊंच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी चांगली लांबलचक प्रार्थना केली. तेवढ्यात भाऊंनी दुसरा पाय उरकला. पुढच्या रविवारी नम्रतेवर उपदेश झाला, आणि तो चालू असताना भाऊ पुढच्या बाकावरच्या माणसाचा मोजा न्याहाळत होते, असं चर्चमधल्या बायका सांगतात.

या वेडाचं मूळ भाऊंच्या दारातच आहे. त्यांच्या घरापुढे गवताचा माळ होता. रस्ता रुंद व्हायचा होता तेव्हा ठेकेदारानं मुरमासाठी तो खरवडून नेला आणि मागं खाण म्हणावी असा खड्डा ठेवून गेला.

मला त्या माळाचं काही सुखदुःख नव्हतं. मी नेवाशाची, प्रवरेच्या काठची. त्यात सातवी पास, म्हणजे जगातलं सगळं कळत होतं. नवी नवरी असताना नायलॉनची साडी नेसून मी ऐटीत माळावर गेले आणि साळिंदर होऊन परत आले. सासूबाईंना म्हणाले, "तुमच्या गावचं गवत चावतं." त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मुरूम निघायला लागला तोवर माझे केस पिकले होते, अक्कल तेवढी हिरवी होती. एक ट्रॉली अंगणात पसरून घेतली आणि त्यावर चपला करकरवत राणीसारखी हिंडले.

राहेलवहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, मात्र तो खड्डा सोसला नाही. त्या माळावर शेळ्या राखण्यात त्यांचा जन्म गेलेला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नगरला लेकीकडं गेल्या त्या तिथंच राहिल्या. भाऊ आणायला गेले तर म्हणाल्या, "डोळं नवं करून घेतलं ते काय खड्डा बघाया? गवत आलं की कळवा."

रागात बोलून गेल्या असतील. भाऊंनी ते काम नेमून दिल्यासारखं मनावर घेतलं.

आधी उतारावर आडवे दगड रचले, म्हणजे माती अडावी. तलाव आटला तेव्हा त्यातला गाळ आणून टाकला. मग एका धनगराला मेंढ्या बसवायला बोलावलं. लेंडीखतासाठी शेतात मेंढ्या सगळेच बसवतात, खाणीत बसवणारा हा पहिला. धनगर म्हणाला, "बाबा, हितं काय पेरनार तुमी?"

"मी कशाला? तुज्या मेंढ्याच पेरतील."

मेंढीच्या लोकरीत कुठल्या कुठल्या माळांचं बी अडकलेलं असतं. भाऊंनी धनगराला चहा दिला आणि दुपारपर्यंत मेंढ्या विंचरत बसले. निघालेलं बी गाळात पेरलं, पाहुण्यांच्या मोज्यांतून डबीत साठवलेली कुसळंही त्यातच.

मी चिडवायला जायचीच. "काय भाऊ, खड्ड्याला झबलं शिवताय?"

"व्हय वैनी. माती उघडी पडलीय. आपन हिंडतो का उघडं?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डेअरीवर, लग्नाच्या मांडवात, एकदा तर मयतीतसुद्धा.

पहिल्या वर्षी निम्मा गाळ वाहून गेला. दुसऱ्या वर्षी गाजरगवतानं खाण भरली. भाऊ ते फुलायच्या आत उपटायचे आणि पुटपुटायचे, "ह्याला कुनी बोलावलं हुतं?" मग हळूहळू बोलावलेली मंडळी आली. कुसळी आली, पवन्या आला, गाळ जाड होता तिथं शेळ्यांचं लाडकं मारवेल गवत. यंदा दिवाळीला गवत माझ्या कमरेला लागलं. वारा आला की खाणीचा तळ दिसत नव्हता, नुसती लाट दिसत होती.

"कळवलं का नगरला?" मी विचारलं.

"न्हाई. अजून पातळ हाय."

आठवड्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा पातळ. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गवत वाढवायला न भ्यालेला हा माणूस फोन करायला भीत होता. गवत पाहूनही ती नाही म्हणाली तर पुढं काय पेरायचं?

मग मीच मोबाईल लावला. म्हणाले, "राहेलवहिनी, गवत आलंय. आमच्या शेळीनं चोरून चाखलं, बरं आहे म्हणते."

पलीकडून सवाल आला, "मारवेल हाय का त्यात?"

रविवारी रिक्षा थेट भाऊंच्या दारात थांबली. राहेलवहिनी उतरल्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी खाणीकडं पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाल्या, "शेळ्या घ्याव्या लागतील."

भाऊंनी त्यांची पिशवीही घेतली नाही. ते खाली बसले आणि त्यांनी वहिनींच्या लुगड्याचा काठ हातात धरला.

"अवो, मी रिक्षातनं आले. काय बी न्हाई तितं."

"हलू नगं," भाऊ म्हणाले.

मी जन्माची चोंबडी. चष्मा लावून, वाकून पाहिलं. लुगड्याला एकही कुसळ नव्हतं. भाऊ तरी वेचतच होते, आणि राहेलवहिनी अजिबात हलत नव्हत्या.