खासे ज्ञानोजीराव दर्याचे तळी चालोन गेले, त्याची हकीकत

श्री बिरोबा समर्थ. मौजे खडकवाडी, तालुके सांगोले, जिल्हे सोलापूर, येथील मेंढरांचे धनी राजश्री ज्ञानोजीराव यांणी खाऱ्या दर्याचे तळास पाय लाविले, त्याचे साद्यंत वर्तमान लिहोन ठेवावे ऐसी खाशांची आज्ञा जाहली, म्हणोन लेखणी धरिली आहे. मोहिमेत आम्हांस कोणी बरोबर नेले नाही. तिकिटे काढते वेळी आमचे नाव कोणाचे तोंडी देखील आले नाही, याचा विषाद मनात आहेच. परंतु मागील बखरी लिहिणारे तरी कोणत्या रणांगणी उभे होते? सबब जे पाहिले नाही ते पाहिल्याप्रमाणे लिहितो, आणि जे लिहू नये म्हणोन बजावले तेही ओघात आले तर लिहितो.

मोहिमेचे मूळ दुधनीस आहे. दुधनीचे सिद्धप्पा हे खाशांचे साडू. तुरीचे व्यापारी, लोडास टेकोन राज्य करणारे. ते गतसाली अंदमान बेटी जाऊन, डोईस काचेचा टोप घालोन, समुद्राचे तळी चालोन आले आणि त्याची हलती छबी मोबाइलात भरोन घेऊन आले. मग बारसे असो, साखरपुडा असो, जेथे चार पाहुणे जमले तेथे ती छबी टीव्हीस जोडोन दाखवू लागले. एके ठिकाणी दहाव्यास दाखविली, तेव्हा घरची मंडळी रडणे तहकूब करोन मासे पाहत बसली. आणि त्याच बैठकीत सिद्धप्पांनी भर सभेत खाशांस सवाल टाकिला.

"ज्ञानू, जल्मभर मेंढरामागं चाललास. येकदा माशामागं चालून बघ की! का भ्या वाटतंय?"

सभा हसली. खाशांच्या सौभाग्यवती चिमाबाई, सिद्धप्पांच्या कुटुंब केराबाई यांच्या थोरल्या बहीण, त्यांणी पदर पुढे ओढिला. खासे उठोन निघाले. घरी येऊन भाकर समोर असता हात धुतला, आणि मग रात्रभर विचार करोन सकाळी फर्मान काढिले की आपणही दर्याचे तळी जाणार, छबी आणणार, आणि दुधनीकरांच्या टीव्हीवर लावणार. न जमले तर दुधनीच्या उंबऱ्यास पुन्हा पाय लावणार नाही, मग केराबाईच्या घरी कोणतेही कार्य निघो. हे ऐकोन चिमाबाई चुलीपुढोन उठोन बाहेर आल्या, कारण पाठची बहीण एकच. ज्या मुलुखात विहिरीचा तळ वर्षातील निम्मे दिवस पाण्यावाचोन आयता दिसतो, तेथील पुरुषास समुद्राचा तळ पाहण्याची इच्छा व्हावी, हे ईश्वरी कर्तृत्वच म्हणावे.

सरंजाम सिद्ध जाहला. चिरंजीव बिरुदेव हे सोलापुरी टॉवेलांच्या कारखान्यात देखरेखीस असतात. त्यांणी रजा मंजूर करोन घेतली. सूनबाई प्रियंका यांणी मोबाइलावरच विमान, नाव आणि मुक्काम यांची तजवीज केली. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि खाशांचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, एका खणाच्या पिशवीत, ऐसी रसद बांधोन स्वारी सोलापुराहून आगगाडीने चेन्नईस आणि तेथोन विमानाने बेटावर दाखल जाहली. विमानतळीचे चौकीदार खाशांच्या लाल पटक्यावर दांडी फिरवीत बहुत वेळ उभे राहिले, परंतु पटका उतरविला नाही. हा पटका म्हणजे लहान वस्तू नव्हे. खाशांचे उघडे डोके लग्न जाहल्यापासोन न्हाव्याने, देवाने आणि चिमाबाईंनी पाहिले आहे, चवथ्याने पाहिलेले नाही.

दुसरे दिवशी समुद्रात तरंगता तराफा उभा होता, तेथे स्वारी गेली. तराफ्याचे पोटातून एक लोखंडी शिडी पाण्यात उतरली होती आणि तिचे खालचे टोक दिसत नव्हते. तेथील पाणबुड्या नाईक मोठा शिस्तीचा. त्याणे हिंदीतून हुकूम वाचोन दाखविले. टोपात नळीने वारा येईल, तोंड कोरडे राहील, घाबरू नये. बोलणे ऐकू जाणार नाही, सबब हाताने खुणा कराव्या. अंगठा आणि तर्जनी यांचे कडे केले तर सर्व कुशल, अंगठा वर केला तर वर काढावे. खाशांनी मान डोलाविली. मग नाइकाने पटक्याकडे बोट केले आणि हा उतरवा म्हणोन सांगितले.

येथे मोहीम अडली. खासे म्हणाले, टोप पटक्यावरोन घाला. नाइकाने टोप वर धरोन दाखविला, तो बसेना. खासे म्हणाले, मोठा टोप आणा. मोठा टोप बेटावर नव्हता. बिरुदेवांनी मसलत दिली की आबा, इथं आपलं कोण बघतंय? त्यावर खासे म्हणाले की छबी निघणार आहे, ती दुधनी बघणार आहे. सूर्य वर येऊ लागला, मागील मंडळी रांगेत खोळंबली, एक गुजराथी कुटुंब तर उपमा खाऊ लागले. शेवटी चिमाबाई पुढे जाहल्या. त्यांणी खाशांच्या डोईवरील पटका स्वहस्ते उलगडिला, घडी केली आणि आपले काखेत धरिला. खाशांनी तो धरू दिला. तेव्हा त्यांचे डोके उन्हात लख्ख दिसो लागले आणि गुजराथी कुटुंबाने उपम्याकडे पाहिले.

परंतु उघड्या डोक्याने परमुलुखात शिरणे हा आमच्याकडे रिवाज नाही. नाईक टोपाची नळी तपाशीत होता, तेवढ्यात खाशांनी पाठ फिरविली, देवाचे नाव घेतले आणि पटक्याऐवजी भंडाऱ्याची पिशवी अखंड डोईवर रिती केली. ओंजळभर हळद टाळूवर बसली. मंडळी समजली की टिळा लाविला असेल. मग खाशांनी शिडीकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, आणि एक जादा हुकूम सोडिला.

"हिला बी टोप द्या. कळपामागं मागलं मानूस लागतंच की."

खासे भ्याले म्हणोन ऐसे म्हणाले, ही गोष्ट खोटी. मेंढरे रानोमाळ हिंडतात तेव्हा धनी पुढे आणि बाईल पिछाडीस, हा जुना शिरस्ता आहे, आणि शिरस्ता पाण्यातही शिरस्ताच. चिमाबाई सूनबाईंच्या सदऱ्यात आणि चोळण्यात, म्हणजे सलवारीत, होत्या, कारण नावेत लुगडे भिजेल म्हणोन सूनबाईंनी सकाळीच बदलावयास लाविले होते. त्यांणी पटका प्रियंकाच्या हाती दिला, जपून धर म्हणोन सांगितले, आणि व्हय म्हणाल्या. आयुष्यात त्यांस कोणी कोठे जायचे का म्हणोन विचारिले नव्हते. येथेही विचारिले नाही.

खासे शिडी उतरले. खांदे भिजले तेव्हा टोप डोईवर बसला, आणि मग नळीचा वारा सुटला. त्या वाऱ्याने टाळूवरील भंडारा जो उठला तो टोपात गरगर फिरू लागला. पुढे पिवळे, मागे पिवळे, काचेस पिवळे. दर्या पिवळा, शिडी पिवळी, खाशांचे डोळे मिटले ते उघडेनात, आणि मग शिंक आली. शिंकेने राहिलेला भंडाराही उठला. आजवर देव खाशांच्या पाठीस होता, या प्रसंगी तो तोंडासमोर आला. पाय मात्र शिडीवरोन खाली जातच होते, कारण वर जाण्याची पायरी कोणती आणि खाली जाण्याची कोणती, हेही कळेना.

तळास रेती लागली. मागोमाग चिमाबाई उतरल्या. त्यांच्या टोपाची काच निर्मळ होती. त्यांणी पाहिले की आपला धनी हात पसरोन आंधळी कोशिंबीर खेळणारासारखा उभा आहे आणि टोपात माणूस नाही, नुसती हळद आहे. नाइकानेही पाहिले. त्याणे जवळ येऊन कड्याची खूण केली, कुशल आहे काय म्हणोन. खाशांस खूण दिसली नाही. नाइकाने पुन्हा केली. उत्तर नाही. तेव्हा नाइकाने अंगठा वर केला आणि खाशांची काख धरिली, म्हणजे आता वर काढणार. वर काढिले की मोहीम बुडाली, दुधनीचा उंबरा कायमचा बंद. खाशांस काहीएक ठाऊक नव्हते. चिमाबाईंस सर्व दिसत होते.

त्यांणी धन्याचा उजवा हात धरिला, त्याचा अंगठा आणि तर्जनी एकास एक लाविली, कडे केले, आणि नाइकासमोर धरिले. मग आपलेही कडे करोन दाखविले. नाईक काख सोडीना. चिमाबाईंनी डोळे मोठे केले. कळपातील एडके चुकार निघाले म्हणजे त्या ज्या नजरेने पाहतात तीच ही नजर. नाइकाने काख सोडिली.

आणि मग लग्नापासोन धन्याचे पाठीमागे चालत आलेली बाई पुढे जाहली आणि खासे पिछाडीस आले. खाशांनी तिचा हात जो धरिला तो दोन्ही हातांनी धरिला. ओढ्यास पूर आला म्हणजे मेंढरू जसे हाताशी धरोन पार करितात, तसे तिणे त्यांस प्रवाळाच्या कडेकडेने नेले. दगड आला की थांबविले, खड्डा आला की वळविले, आणि नाइकाने माशांसाठी पाव दिला तो दुसऱ्या हाताने चारला. हे सर्व नाइकाच्या सोबत्याने छबीत टिपिले. ठरलेली वाट पुरी जाहली, आणि स्वारी शिडीने वर आली. टोप काढिला तेव्हा खाशांचे मुख, मिशा, भुवया, कान, सर्व जेजुरीहून आल्याप्रमाणे पिवळे होते.

"आबा, कसं हुतं तळाला?" बिरुदेवांनी विचारिले.

"लई झ्याक," खासे म्हणाले, आणि पटका मागितला.

पुढे दुधनीस सिद्धप्पांच्या नातवाचे जावळ निघाले. खासे उंबरा ओलांडोन ताठ मानेने गेले. जेवणे उरकली, सिद्धप्पांनी आपली जुनी छबी लाविली, सभेने ती सोसली, आणि मग बिरुदेवांनी खाशांची छबी लाविली. सभा पुढे सरकली. सिद्धप्पा टीव्हीपाशी जाऊन चष्मा लावोन पाहू लागले.

"अय्यो, ह्यो कोन म्हनायचा? टोपात हळद हाय नुसती. ज्ञानू कुटं हाय?"

कोणी हसले. सिद्धप्पांस चेव आला. ते सभेकडे वळले आणि म्हणाले की बाई चिमाक्काच, वळखू येती. पर त्या पिवळ्यानं तिचा हात धरलाय बघा. आमचा ज्ञानू बायकूचा हात धरनार? बाजारात दहा पावलं पुढं चालतोय त्यो. ह्यो दुसराच कुनीतरी हाय.

हा पेच भारी. खाशांनी होय म्हणावे, तर भर सभेत बायकोच्या हाती लोंबकळलो हे कबूल होते. नाही म्हणावे, तर मोहीम गेली ती गेलीच, वर चिमाबाई दर्याचे तळी परपुरुषाचा हात धरोन हिंडली ऐसे होते. चिमाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांणी खाली पाहिले. एक शब्द बोलल्या असत्या तर धनी सुटला असता की बुडाला असता, हे त्यांसही कळेना, म्हणोन बोलल्या नाहीत.

खासे उठले. त्यांणी दोन्ही हातांनी पटका उतरविला आणि मांडीवर नव्हे, सिद्धप्पांच्या गादीवर ठेविला. तेच डोके सभेने पाहिले.

"मीच हाय त्यो," खासे म्हणाले. "हळद उडाली, डोळं झाकलं. लई भ्यालो हुतो. हिनं न्हेलं म्हनून गेलो. म्या कायबी बघितलं न्हाय." मग दाराकडे वळोन म्हणाले, "तू बघितलंस न्हवं? सांग की सगळ्यास्नी."

चिमाबाईंनी प्रथम नको म्हणोन मान हलविली. खाशांनी पुन्हा सांग म्हटले. तेव्हा त्या दारातूनच बोलू लागल्या. निळा मासा लाजरा, पिवळा मासा हावरा, कोकरू आईला ढुसण्या देतं तशी पावाला ढुसण्या देत्यात. तळाला फुलासारखं कायतरी हाय, हात न्हेला की मिटतं. वर बघितलं की ऊन हालतंय, आपल्या डोस्क्यावर तळं धरल्यावानी. अन् आवाज न्हाय कसलाच, बाई. आपलाच श्वास तेवढा. सांगता सांगता त्या बैठकीत केव्हा येऊन बसल्या हे त्यांसही समजले नाही, आणि पदर खांद्यावर आला तो तसाच राहिला.

ऐकोन केराबाई नवऱ्याकडे वळल्या.

"तुमी का न्हाय वो सांगितलं ह्यातलं कायबी?"

सिद्धप्पांनी चष्मा काढोन पुसावयास घेतला. त्यांणी दर्याचे तळी कॅमेरा पाहिला होता. छबीत साफ दिसते, आरंभापासोन शेवटपर्यंत त्यांची मान तिकडेच आहे.

ऐसा दर्यातळ सर जाहला आणि दुधनीचा उंबरा मोकळा राहिला. दुधनीकरांनी ती जुनी छबी त्यानंतर कोठे लाविल्याची खबर नाही. खाशांनी आपल्या मोहिमेतील एक चित्र काढवोन, चौकटीत बसवोन, खडकवाडीच्या घरी देवाच्या शेजारी टांगिले आहे, आणि येणाऱ्यास ते स्वतः उठोन दाखवितात. ही हकीकत लिहितेवेळी आम्ही पुसिले की यात आपले मुख कोठेच दिसत नाही, तर बखरीत फत्ते कोणाचे नावे मांडू? खासे म्हणाले, मुख कशाला पाहिजे, हात दिसतोय की. तो हात चित्रात आहे, दोन्ही आहेत, घट्ट आहेत. लेखनसीमा.