रघुवीरराव तोडणकर यांस मिळालेल्या नकोशा बढतीची हकीकत

श्रीगणराय समर्थ. श्रीवरुणदेवता प्रसन्न असो. आणि आगाऊ रक्कम भरल्यावाचून प्रसन्न होणे तिच्या नियमी बसत नसेल तर निदान कोप न करो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, एका राज्यी वर्तमान वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव पुसू नये. तेथील लोक अद्यापि जहाजाची तिकिटे काढितात आणि त्यांचे मन मोडावे ऐसा हेतु नाही.

त्या राज्यी घाटावरील एका शहरी रघुवीरराव तोडणकर म्हणोन गृहस्थ नांदत होते. मूळचे किनाऱ्याकडील, परंतु पोटासाठी घाट चढून आले आणि जकातनाक्यावर अंमलदारी केली, आणि नियमात न बसणारी गवताची पेंढीदेखील शहरात शिरू दिली नाही, ऐसा लौकिक संपादिला. पुढे सरकारने जकातच उठविली आणि राव घरी बसले, तरी नियमांवरील निष्ठा ढळली नाही. नियम लिहिणारा मनुष्य शहाणाच असतो ऐसे ते मानीत. कारण ते स्वतः नियम लिहीत आले होते. त्यांचे कुटुंब शालिनीबाई. बाईंचे वडील गलबतावर तांडेल होते, म्हणजे मालाचे गलबत घेऊन बंदरोबंदर फिरत, आणि बाईंचे बालपण धक्क्यावर गेले. त्या संवत्सरी बाईंच्या डोळ्यांस विकार जडला आणि वैद्यांनी सांगितले की नजर कडेकडून आखडत आणि धूसर होत जाईल, औषधाने चाल मंदावेल, थांबणार नाही. बाईंनी ते ऐकून घेतले, घरी येऊन आमटी फोडणीस टाकली, आणि दुसरे दिवशी चहा पिता पिता बोलिल्या, "अहो, मला आमचं गाव एकदा समुद्रातून बघायचंय. जमिनीवरून पुष्कळ पाहिलं. बाबा पाण्यावरून बघायचे, तसं. दिसतंय तोवर." संसारात बाईंनी मागणे म्हणोन केलेले हे पहिलेच, सबब रावांनी कप खाली ठेविला. मग बोलिले, "नेतो. रीतसर नेतो." येथोनच घात जाहला.

कारण त्या राज्याच्या समुद्रावर तरंगप्रासाद सरकार म्हणोन एका जहाजी कंपनीचा अंमल होता. जहाज कैसे, तर चौदा मजले, पोटात तलाव, तलावात घसरगुंडी, आणि चारी बाजूंस समुद्र असता लोक त्या तलावात डुंबत. या सरकारांनी रयतेच्या कल्याणार्थ एक कार्ड काढिले होते. त्या कार्डाने जे खरीदावे त्यावर पॉइंट मिळत आणि पॉइंटांवर जलविहार मिळे. रावांपाशी हे कार्ड पूर्वीपासून होते आणि पॉइंटांच्या लोभाने त्यांनी घरात तीन कुकर, दोन इस्त्र्या आणि एक चालण्याचे यंत्र आणिले होते. यंत्रावर बाई पापड वाळवीत. मग राव संगणकापुढे बैसले आणि पॉइंट वटवू गेले, तो दरबारातून कळले की गर्दीच्या दिवसांत पॉइंट चालत नाहीत. गर्दीचे दिवस कोणते, तर ज्या दिवशी जहाज सुटते ते. उरलेल्या दिवशी पॉइंट बेलाशक वापरावे, मात्र त्या दिवशी जहाज नाही. तरी एक मंगळवारची फेरी सापडली, तीत पॉइंट निम्म्या मोलाने चालत, आणि भाडे माफ होऊन बंदरपट्टी, सेवापट्टी व अन्य पट्ट्या रोख भराव्या लागत. त्या भाड्याहून किंचित अधिक. रावांनी "हिशेब चोख आहे" म्हणोन प्रशंसा केली.

पुढे कोठड्यांचा प्रश्न. कोठडीस त्या दरबारी केबिन म्हणतात. पडद्यावर तांबड्या अक्षरी लिहिले होते की फक्त दोनच केबिन उरल्या आहेत, त्वरा करावी. राव घाबरे झाले, रात्री झोप नाही. वास्तविक त्या दोन केबिन चैत्रापासोन दोनच उरल्या होत्या आणि भाद्रपदातही दोनच होत्या, कमी ना अधिक, ऐशी त्यांची निष्ठा. स्वस्तातली केबिन 'गॅरंटी' नावाची होती. रावांनी फोन लाविला, पुष्कळ वेळ वाजंत्री ऐकिली, मग ऋचा नामे एक मुलगी गोड आवाजात बोलिली, "सर, गॅरंटी म्हणजे केबिन मिळणार याची गॅरंटी. कोणती मिळणार याची नाही." राव म्हणाले, "मला उजव्या बाजूची, खिडकीची हवी. येताना जमीन उजवीकडे असते." कारण ऐसे की जाताना जहाज बाईंचे गाव काळोखात ओलांडी, आणि परत येताना मात्र दिवस मावळण्याआधी, म्हणोन सगळी भिस्त त्या एका संध्याकाळवर आणि त्या एका बाजूवर. ऋचा बोलिली, "मग सर, जास्त भरून नंबर पक्का करा." रावांनी जास्त भरिले. डेकवरील उजव्या अंगाची छोटी केबिन, गोल खिडकी, क्रमांकासह पक्की झाली, आणि अनामतही गेली. अनामत म्हणजे विश्वासाने ठेवावयास दिलेली वस्तू, ऐसा या भाषेत अर्थ होता. या दरबारी तिचा अर्थ ठेवून घेतलेली वस्तू. रावांनी नियमावली छापून आणिली आणि रात्रंदिवस वाचिली, आणि 'सरकार आपले मर्जीने प्रवाशास समान अथवा श्रेष्ठ केबिन देऊ शकेल' हे कलम आले तेथे समासात लिहिले, 'उदार'.

मग निघण्यास पंधरवडा उरला असता खलिता आला. वर फुगे, कागदाच्या झिरमिळ्या, आणि मजकूर ऐसा की अभिनंदन, आपली निष्ठा पाहून सरकार संतुष्ट झाले, आपणांस बाल्कनीची केबिन बहाल केली आहे, विनामूल्य. राव हर्षले. बाईंस हाक मारून खलिता वाचून दाखविला. बाईंनी एकच पुसले, "कुठल्या बाजूची?" राव खाली वाचीत गेले आणि त्यांचा चेहरा उतरला. बाल्कनी डाव्या बाजूस होती. येताना त्या बाजूस अरबस्तानापर्यंत निव्वळ पाणी. राव तत्काळ फोनास लागले, वाजंत्री ऐकिली, आणि ऋचा हर्षभरे बोलिली, "सर, काँग्रॅच्युलेशन्स! तुम्हाला अपग्रेड मिळालंय."

"मला नकोय."

"म्हणजे सर, अजून वरचं हवंय?"

"खालचं हवंय. आधीचं, छोटं. गोल खिडकीचं."

मुलीने आपला पडदा चाळून पाहिला. मग हळूच बोलिली, "सर, असं कुणी मागत नाही. खाली जायचं बटणच नाहीये इथे."

"मी नंबर पक्का केला होता. त्याचे पैसे भरले होते."

"हो सर, पण तुम्हाला त्यापेक्षा चांगली मिळाली ना. ती आधीची दुसऱ्यांना गेली. कॅन्सल केलंत तर डिपॉझिट परत नाही, आणि पॉइंट लॅप्स होतील. पुढच्या सीझनला नवीन बुकिंग करू शकता."

पुढचा हंगाम म्हणजे वर्ष. बाईंस तोवर किती दिसेल हे वैद्यही सांगू शकत नव्हते. रावांनी फोन ठेविला आणि नियमावली उघडून समासातील 'उदार' हा शब्द खोडिला, इतका की कागद फाटला. आयुष्यात प्रथमच त्यांस नियम लिहिणाऱ्याचा राग आला, आणि राग आला म्हणोन लाज वाटली, आणि नाक्यावर आपणापुढे हात जोडून उभ्या राहिलेल्या कितीएक गाडीवानांचे चेहरे स्मरले. बाई म्हणाल्या, "जाऊ तर खरं. वरच्या मजल्यावर उभं राहून बघू." मग उभयतां निघाले.

जहाजावर सत्कार बहुत झाला. गळ्यात शंखांच्या माळा घातल्या, त्या उतरताना परत घेतल्या. बाल्कनी प्रशस्त, दोन खुर्च्या, खाली समुद्र. जाण्याचे दोन दिवस बाईंनी एकदाही कुरकूर केली नाही, आणि त्यामुळे रावांस अधिकच टोचत राहिले. परतीचे दिवशी दुपार ढळता राव वरच्या मजल्यावर जागा धरावयास गेले, तो उजव्या अंगास मखमली दोर बांधलेला, आणि दोरापलीकडे खुर्च्या, खुर्च्यांवर माणिक पदवीचे पाहुणे. पदव्या तीन: रौप्य, सुवर्ण आणि माणिक. राव रौप्य. दोराशी उभा असलेला पहारेकरी नम्रपणे म्हणाला, "सर, सूर्यास्ताची मेजवानी आहे. डावीकडून सूर्य जास्त छान दिसतो." राव बोलिले, "आम्हांस सूर्य नको, जमीन हवी." पहारेकरी हसला आणि कुणास तरी बोलावू लागला, सबब राव माघारे फिरले. खालच्या मजल्यावर उजव्या कठड्यास जीवरक्षक होड्या टांगलेल्या, त्यांतून समुद्र फटीएवढा दिसे.

राव खिन्न होऊन आपल्या केबिनीकडे येतात तो बोळात भांडण चाललेले. समोरच्या केबिनीच्या दारात एक तरुणी उभी, कांद्याच्या मुलखातली, नाव तेजस्विनी बोरस्ते. मागे तिचा नवरा प्रणव मान खाली घालून उभा. लग्न नुकतेच झालेले. पुढे जहाजाचा कारभारी. तरुणी कडाडली, "आम्ही बाल्कनीचे पैसे भरलेत, आणि ही गोल खिडकी? तीन दिवस झाले सांगतेय!" कारभारी म्हणाला, "मॅडम, बाल्कन्या सगळ्या फुल आहेत. शेवटची एका सीनियर कपलला अपग्रेडमध्ये दिली."

राव बोळात उभे राहिले आणि खाकरून म्हणाले, "ते आम्ही."

सगळे वळोन पाहू लागले. मग रावांनी सांगितले, आणि तरुणीने सांगितले, आणि उभयपक्षी कळले की एकास हवी ती दुसऱ्यास दिली आणि दुसऱ्यास हवी ती पहिल्यास, आणि दोघांसही कित्येक दिवस सांगण्यात आले की अशक्य आहे, आणि दोन दारांत अंतर चार पावलांचे. प्रणव म्हणाला, "मग बदलून टाकू ना. बॅगा उचलतो." कारभारी घाईने म्हणाला, "नाही सर! केबिन नावावर असते. कार्ड नावाला जोडलेलं असतं. अदलाबदल नियमात नाही." राव त्यास काही बोलणार, तो आवाज ऐकून शालिनीबाई बाहेर आल्या, भिंतीस हात लावीत, आणि तेजस्विनीस म्हणाल्या, "पोरी, केबिन राहू दे नावावर. संध्याकाळपुरती पाहुणी म्हणून येऊ का तुझ्याकडे? तुम्ही दोघं आमच्या बाल्कनीत जा, चहा घ्या." आणि कारभाऱ्याकडे वळून पुसिले, "पाहुणे यायला बंदी आहे का हो?" कारभारी विचारात पडला. खिशातील यंत्र काढून पुष्कळ चाळिले. पाहुण्यांविरुद्ध कलम सापडेना, सबब "मी विचारून येतो" म्हणोन गेला तो अद्यापि आला नाही.

मग बाई गोल खिडकीशी पलंगावर बैसल्या आणि राव शेजारी. प्रणव बाल्कनीत गेला, तेजस्विनी गेली नाही. ती बाईंच्या मागे उशा रचीत राहिली. उन्हे कलती होऊन किनाऱ्यावर पडली होती. किनारा दूर. निळसर रेघ, रेघेवर टेकडीचा उंचवटा, त्यावर पांढरा ठिपका, ते दीपगृह असावे. बाकी काही नाही. बाईंनी खिडकीस कपाळ लाविले, डोळे बारीक केले, मान इकडून तिकडे फिरविली, आणि म्हणाल्या, "मला नुसता उजेड दिसतोय हो. धक्का दिसतो का? दीपगृहाच्या खाली, डावीकडे."

रावांनी पाहिले. धक्का दिसत नव्हता. त्या अंतरावरून कुणासही दिसला नसता. राव आयुष्यात खोटे बोलिले नव्हते, नाक्यावर नाही आणि घरातही नाही. मग बोलिले, "दिसतो. धक्का दिसतो."

"माणसं आहेत?"

"आहेत. थोडी आहेत. एक पोरगी उभी आहे टोकाला. हात हलवतेय."

बाई हसू लागल्या, डोळ्यांस पदर लावून हसू लागल्या. रावांस वाटले आपली चोरी धरली गेली. बाई म्हणाल्या, "बाबा पण अस्संच सांगायचे. मी धक्क्यावर उभी राहून हात हलवायची आणि घरी आले की म्हणायचे, दिसलीस गं, गलबतावरून दिसलीस, तुझा लाल फ्रॉक लांबून ओळखला. माझा फ्रॉक निळा होता. लाल मला कधी नव्हताच."

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगायचं कशाला? ते बघत होते ना." मग खिडकीकडेच तोंड करून म्हणाल्या, "थांबलात का? सांगा की. आणखी काय दिसतंय?"

आणि राव सांगू लागले, प्रथम अडखळत आणि मग ओघाने, की जाळी वाळत घातली आहेत, आणि शाळा सुटली आहे, आणि कुणाची तरी म्हैस वाळूत उभी आहे. तेजस्विनी मागून म्हणाली, "आजी, देवळात दिवा लावला बघा." टेकडी मागे पडून रेघ पुसट होईतो दोघे सांगत होती आणि बाई मान डोलावीत होत्या.

येणेप्रमाणे हकीकत. तरंगप्रासाद सरकारांनी उभयतांचे समाधान गृहीत धरून रावांस सुवर्ण पदवी दिली आणि पॉइंट बहाल केले, ते मुदत संपून बुडाले. राव फिरून फोनास लागले नाहीत. बोरस्ते दांपत्य दिवाळीस येऊन गेले. बाईंची नजर पुढे पुष्कळ गेली. आता राव रोज सकाळी त्यांस गच्चीवर नेतात आणि शहर सांगतात. त्यातले निम्मे खरे असते, आणि निम्मे कोणते ते बाईंस ठाऊक असते.