चेंजर जोडलेला नाही

फारुकच्या जुन्या जर्मन गाडीत सीडीचं चित्र असलेलं एक बटण होतं. ते दाबलं की समोरच्या पडद्यावर 'चेंजर जोडलेला नाही' अशा अर्थाची इंग्रजी सूचना उमटायची. बटण आहे, सूचना आहे, फक्त वस्तू नाही, हे पाहून मला त्या जर्मन कंपनीबद्दल आपुलकीच वाटली. मी तेहतीस वर्षं सरकारी कचेरीच्या बारनिशीत आवक-जावक टपाल नोंदवलं. आमच्याकडेही 'चौकशी' अशी पाटी लावलेली एक खिडकी होती. खिडकी उघडली की मागे भिंत होती.

फारुक माझा मांडवीतला शेजारी. बावीस वर्षं तो कुवेतमध्ये एसी दुरुस्त करत होता. त्याच्या आईला लिहिता येत नव्हतं. म्हणून ती टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायची आणि गावातलं कोणी कुवेतला निघालं की त्याच्या हाती कॅसेट पाठवायची. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, बांगडा आला की नाही, सगळं त्यात असायचं. गावी परतल्यावर फारुकने त्या कॅसेटींच्या मुंबईहून सीडी करून आणल्या. त्या सहा झाल्या. जुन्या जर्मन गाडीच्या चेंजरमध्येही, म्हणजे सीडी आपोआप बदलणाऱ्या डब्यातही, सहाच सीडी बसतात. यात फारुकला वरचा इशारा दिसला.

"अनिल, बस्," तो मला म्हणाला, "स्वतःच्या गाडीत, अम्माचा आवाज ऐकत रस्त्याने जायचं. एवढीच इच्छा राहिली बघ."

इथे एक गोष्ट नोंदवणं भाग आहे. अम्मा, म्हणजे आमची चाची, हयात आहे. वय चौऱ्याऐंशी, दात निम्मे, आवाज पूर्ण. ती पडवीत, गाडीपासून चार हातांवर बसते आणि दिवसभर एकच सांगते.

"फारुक, मला मालगुंडला ने रे. बहिणीला बघायचा हाय. तिला आता डोळ्यांनी दिसत नाय."

"नेतो अम्मा. आधी सीडी चालू होऊ दे. मग ऐकत ऐकत जाऊ."

त्याची बायको इशरत व्यवहारी. ती म्हणाली, "मोबाईलवर घाला आणि ऐका. नायतर पडवीत जाऊन बसा. त्या बोलतायतच."

"ओरिजिनलची मजा वेगळी असते," फारुक म्हणाला. त्याला सगळं कंपनी फिटिंग हवं होतं.

चेंजर मुंबईच्या भंगारबाजारात मिळाला, त्याच कंपनीच्या, पुरात बुडून मोडीत गेलेल्या गाडीतला. साळवी स्टॉपजवळ गाड्यांची वायरिंग करणाऱ्या विठूने तो बसवला. आणि गाडी मुकी झाली. रेडिओ गेला, गाणी गेली, पट्टा लावा म्हणून ओरडणारी घंटी गेली, मागे घेताना होणारं टूंटूं गेलं.

विठूने डिकीच्या आतून मासे पकडायच्या तंगुसाएवढी बारीक दोरी काढून दाखवली. तिच्या टोकाला लाल ठिपका चमकत होता.

"हिच्यात वीज नाय, उजेड फिरतो," तो म्हणाला. "रेडिओकडून निघतो, अँप्लिफायरकडे जातो, तिथून फोनच्या डब्यात, मग परत रेडिओकडे. गोल. ज्याने त्याने बघून पुढे द्यायचा. एकाने धरून ठेवला की सगळे गप. ह्यो तुमचा नवा चेंजर उजेड धरून बसलाय."

मी भारावून गेलो. एक टेबल अडलं की अख्खं खातं ठप्प, ही व्यवस्था आम्ही पिढ्यानपिढ्या माणसांच्या जिवावर चालवली. जर्मनांनी ती उजेडाच्या वेगाने करून दाखवली होती.

"चेंजर काढून टाकू?" विठूने विचारलं. "पहिल्यासारखी वाजेल गाडी."

"एकदा लावलेली गोष्ट मागे घ्यायची नाही," फारुक म्हणाला. मीही मान डोलावली. आमच्या खात्याचंही तेच धोरण होतं.

त्याच दिवशी गाडी घरी आणून मागे घेताना फारुक सवयीने टूंटूंची वाट पाहत राहिला. पडवीतून चाची ओरडत होती, "थांब, मागे गडगा हाय! फारुक, गडगा!" टूंटूं झालं नाही, म्हणून फारुक थांबला नाही. कुंपणाच्या गडग्याचे तीन चिरे निखळले, डिकीला पोचा आला.

"मी सांगत होत्ये," चाची म्हणाली.

"सेन्सरने सांगायला हवं होतं," फारुक म्हणाला.

मग आम्ही आंबा घाट चढून कोल्हापूरच्या अधिकृत सेवाकेंद्रात गेलो. तिथे संस्कृती नावाची चुणचुणीत मुलगी ग्राहकांचं गाऱ्हाणं ऐकायला नेमलेली होती. तिने गाडीला संगणक जोडला आणि खालच्या आवाजात सांगितलं, "सर, तुमचा चेंजर अजून स्वतःला जुन्या गाडीचाच समजतोय. जर्मनीच्या सर्व्हरवर तशीच नोंद आहे. त्या गाडीचा ना-हरकत दाखला लागेल."

"ती गाडी भंगारात गेली."

"मग तिच्या मृत्यूचा दाखला आणि मालकाचं संमतिपत्र."

फारुक हताश होऊन खुर्चीत बसला. मी मात्र निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ताठ बसलो. खिशातून पेन काढलं आणि विषय लिहिला: 'मयत वाहनाच्या अंगभूत चेंजरचे हयात वाहनात विलीनीकरण होणेबाबत.' संस्कृतीने तो वाचून मला चहा मागवला. इतकी वर्षं नोकरी केली, पण अर्जाला अशी दाद कधी मिळाली नव्हती.

त्यानंतर चार महिने पत्रव्यवहार चालला. भंगारवाल्याने मृत्यूचा दाखला दिला. जुना मालक कल्याणला सापडला. त्याने संमती दिली आणि गाडीची आठवण काढून रडलाही. पण सर्व्हरने त्रुटी काढली. चेंजरचा फोटो समोरून, झाकण मिटलेल्या स्थितीत आणि सहा महिन्यांच्या आतला हवा. तो पाठवला. पुढची त्रुटी आली: सीडीवरचा आवाज विकतच्या गाण्यांचा नाही, खाजगी व्यक्तीचा आहे. सबब त्या व्यक्तीची लेखी संमती जोडावी आणि व्यक्ती हयात असल्यास हयातीचा दाखला.

"अम्मा, चल, गाडीत बस," फारुक म्हणाला. चाची नवी ओढणी घेऊन, बहिणीसाठी नारळाच्या वड्या बांधून बसली. पाली गेलं, साखरपा गेलं, घाट लागला, तेव्हा तिने विचारलं, "मालगुंडला घाट कुठला आला?"

"अम्मा, महत्त्वाचं काम आहे," फारुक म्हणाला.

कोल्हापूरच्या टेबलासमोर चाचीला उभं केलं. ती म्हणाली, "मी हाय की जिवंत. ही काय समोर उभी. काय ऐकायचा हाय तो आत्ता ऐका."

"आजी, तोंडी चालत नाही," संस्कृती हळुवारपणे म्हणाली. "लेखी लागतं."

दाखला मी आधीच मिळवून ठेवला होता. चाचीने अंगठा केला. चाचीच्या अंगठ्यावर, चाचीचा आवाज, चाचीच्या मुलाने ऐकायला जर्मनीची मंजुरी आली. पडद्यावर 'चेंजर तयार आहे' असं उमटलं आणि फारुकने मला मिठी मारली. वड्या सेवाकेंद्रातच वाटल्या गेल्या.

पुढच्या रविवारी आम्ही मालगुंडला निघालो. पुढे फारुक आणि मी, मागे इशरत आणि चाची. आरे-वारेच्या चढावर फारुकने ते बटण दाबलं. डिकीत खर्रकन आवाज झाला आणि गाडीच्या दहा स्पीकरांतून तीस वर्षांपूर्वीची चाची बोलू लागली. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. सीडीत तिच्या बोलण्यामागे कोंबडा आरवला तोसुद्धा स्वच्छ ऐकू आला.

"तो आपला लाल कोंबडा," मागून चाची म्हणाली. "त्याची गंमत ऐक, एकदा काय झाला..."

"अम्मा, जरा गप गं," फारुक म्हणाला. "तुझं बोलणं ऐकू येत नाहीय."

मीही मागे वळून तोंडावर बोट ठेवलं. गणपतीपुळे गेलं. सीडीवरची चाची सांगत होती, "तू आलास की गाडी घे हां, फारुक. आणि मला मालगुंडला ने. बहिणीकडं. एसटीत माझी कंबर मोडते."

फारुकचे डोळे भरून आले. त्याने आवाज वाढवला.

"फारुक, वळ, वळ," मागून काहीतरी चाललं होतं. "मालगुंड गेला रे, मेल्या!"

"शूऽ! अनिल, ऐकलंस? किती इच्छा होती रे अम्माची मालगुंडला जायची!"

दोघेही रुमाल काढून ऐकत राहिलो. जयगडच्या वाटेवरचं खंडाळा आलं आणि गेलं. रस्ता जयगडच्या जेटीवर संपला, तेव्हा पुढे खाडी होती म्हणून गाडी थांबली. पहिली सीडी संपत आली होती. दार उघडल्याची घंटी एकदा किणकिणली असावी, पण आवाज फार मोठा होता. आरशात मला एक रिक्षा दिसली. एका हाकेत ती थांबली, रिक्षावाल्याने कान पुढे करून कुठे जायचं ते नीट ऐकून घेतलं आणि रिक्षा आल्या वाटेने मालगुंडकडे गेली. त्यात दोन बायका होत्या. ही बाब माझ्याशी संबंधित आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

डिकीत खर्रकन आवाज होऊन दुसरी सीडी लागली.

"फारुक," चाचीचा आवाज आला, "माझा ऐकतोस ना?"

"ऐकतोय गं अम्मा," फारुक पडद्याकडे पाहून म्हणाला, "ऐकतोय."

मी मागे वळलो. मागील आसन रिक्त होतं.

संध्याकाळी घरी येऊन हा सगळा वृत्तांत मी लिहायला घेतला. बायको दारात उभी राहून काहीतरी सांगत होती. तिला मी हाताने थांबवलं आणि हे पान पुरं केलं. तुम्ही हे वाचत असताना तुमच्याही घरातून कोणीतरी काहीतरी बोललं असेल आणि तुम्ही मान वर न करता 'हं' म्हणाला असाल. ते काय बोललं, एवढं फक्त लेखी कळवावं.